जस्ताची बोटे आणि डीएनएवरचा पत्ता

गेल्या महिन्यात एक शेतकरी आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाला सिकलसेल आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्याचे हातपाय आणि पाठ इतकी दुखते, की भरती करावेच लागते. वडिलांनी खिशातून घडी घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण काढून टेबलावर ठेवले. जनुकात दुरुस्ती करून सिकलसेल बरा करण्याच्या नव्या उपचाराची ती बातमी होती. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वावर इकतो, पन पोराले हे भेटलं पायजे." मग जरा थांबून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आन् हे येणारच असन, तर आत्ताच्या गोळ्या बंद केल्या तर चालन का?"

बाहेर पंचवीस रुग्ण बसलेले होते. पाच मिनिटांत सांगता आले तेवढे सांगितले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. हाच प्रश्न आपल्या भागातल्या अनेक घरांत असणार. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी. विषय थोडा अवघड आहे, पण सावकाश वाचला तर समजण्यासारखा आहे.

एका अक्षराची चूक

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. शरीर कसे घडवायचे, याच्या सूचना त्यात लिहिलेल्या असतात. ही लिपी फक्त चार अक्षरांची आहे. ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक, असे या पोथीचे दोन संच प्रत्येक पेशीत असतात आणि प्रत्येक संचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. एखादे प्रथिन कसे बनवायचे ते सांगणारा पोथीतला भाग म्हणजे जनुक.

रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्याच्या 'बीटा' साखळीत १४६ अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. सिकलसेलच्या रुग्णात सहाव्या जागी जी-ए-जी ऐवजी जी-टी-जी असे लिहिले जाते. चूक एका अक्षराची, पण त्यामुळे सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक दोरे बनवते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि वेदना सुरू होतात. पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्तही कमी राहते.

१९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रथम छापले. हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. नेमका कोणता मणी बदलतो, ते १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. म्हणजे चूक कुठे आहे हे सुमारे सात दशकांपूर्वीच कळले होते. अडचण होती ती तिथपर्यंत पोचण्याची. तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीतली एक ओळ शोधून तिथेच हात कसा घालायचा?

बंद पाकिटावरचा पत्ता

पोस्टमन पाकीट फोडत नाही. बाहेरचा पत्ता वाचून ते योग्य घरी टाकतो. आपल्या पेशीतही असे पोस्टमन आहेत. डीएनएचा रेणू म्हणजे दोन पदर एकमेकांभोवती वळलेला गोफ. अक्षरे आतल्या बाजूला असतात, पण गोफाच्या वळणांमध्ये खोबणी पडते आणि त्या खोबणीतून अक्षरांच्या कडा बाहेरून 'चाचपता' येतात. काही प्रथिने या खोबणीत शिरून, गोफ न उलगडता, अक्षरे ओळखतात आणि ठरावीक जागीच जाऊन बसतात. कोणते जनुक कधी चालू करायचे आणि कधी बंद, हे अशी प्रथिने ठरवतात. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच असते. तरी दोन्ही पेशी वेगळ्या असतात, कारण प्रत्येकीत वेगळी पाने उघडलेली असतात.

मग शास्त्रज्ञांच्या मनात प्रश्न आला. आपण सांगू त्या पत्त्यावर जाणारा पोस्टमन प्रयोगशाळेत बनवता येईल का?

बेडकाच्या अंड्यातली बोटे

याचे उत्तर बेडकाच्या अंड्यात सापडले. आफ्रिकेत नख्या असलेला एक बेडूक आढळतो, झेनोपस त्याचे नाव. एके काळी स्त्री गरोदर आहे की नाही हे पाहण्यासाठी दवाखान्यांत हाच बेडूक वापरत. बाईची लघवी बेडकीला टोचायची आणि तिने अंडी घातली तर बाई गरोदर समजायची! या बेडकाच्या अपक्व अंड्यांत एक प्रथिन भरपूर असते. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत ॲरन क्लुग आणि त्यांचे सहकारी त्याचा अभ्यास करत होते. क्लुग लिथुआनियात जन्मले, दक्षिण आफ्रिकेत वाढले आणि १९८२ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

१९८५ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की या प्रथिनात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एकच नमुना नऊ वेळा आला आहे. प्रत्येक नमुन्यात जस्ताचा एक अणू आहे आणि दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्ले त्याला चार बाजूंनी धरून बसली आहेत. जस्त काढून घेतले की घडी विस्कटते आणि प्रथिन निकामी होते. म्हणजे जस्त इथे कापडाच्या चुणीत टोचलेल्या टाचणीचे काम करते. ही घडी बोटासारखी पुढे येऊन डीएनएला पकडते, म्हणून तिला जस्ताचे बोट, म्हणजे झिंक फिंगर म्हणू लागले.

१९९१ मध्ये अमेरिकेत पाव्हलेटिच आणि पाबो यांनी तीन बोटांचे एक प्रथिन डीएनएला धरून बसले असताना क्ष-किरणांनी त्याची रचना पाहिली. चित्र आश्चर्यकारकरीत्या साधे निघाले. प्रत्येक बोट खोबणीत शिरते आणि सुमारे तीन अक्षरे वाचते. पहिले बोट तीन, पुढचे बोट पुढची तीन, तिसरे त्यापुढची तीन. एकूण नऊ अक्षरे. आणि बोटाच्या तीस अमिनो आम्लांपैकी वाचण्याचे मुख्य काम तीन-चारच करतात. बाकीची फक्त बोटाचा आकार टिकवतात.

या साऱ्यात शास्त्रज्ञांना नवे काय सापडले? ती तीन-चार अमिनो आम्ले बदलली, तर बोट वेगळी अक्षरे वाचू लागेल. आणि वेगवेगळी बोटे एकापुढे एक जोडली, तर हवा तो पत्ता तयार करता येईल.

अशी बोटे माणसाच्या शरीरातही भरपूर आहेत. आपल्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी सातशेच्या आसपास जनुके अशा बोटांची प्रथिने बनवतात. त्यातले एक पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

हवे ते बोट निवडायचे कसे?

कोणते अमिनो आम्ल घातले की कोणते अक्षर वाचले जाईल, याचा पक्का तक्ता झिंक फिंगरच्या बाबतीत नाही. शेजारचे बोट कोणते आहे यावरही फरक पडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याची जुनी पद्धत वापरली, ती म्हणजे निवडीची. जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या अंगावर लाखो प्रकारची बोटे उगवायची, प्रत्येक विषाणूवर एक प्रकार. मग हवा तो डीएनएचा तुकडा एका जागी घट्ट बसवून त्यावरून हे सारे विषाणू ओतायचे. जे चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. चिकटलेले वाढवून पुन्हा तेच करायचे. चांगले कणीस बियाण्याला राखतो, तसाच हा प्रकार. विषाणूंच्या अंगावर प्रथिने उगवण्याच्या या युक्तीसाठी जॉर्ज स्मिथ यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला.

१९९४ मध्ये येन चू, क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा पहिला मोठा उपयोग करून दाखवला. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे चुकून एकमेकांना जुळतात आणि ते जोड-जनुक पेशीला बेसुमार वाढायला लावते. जोडाच्या जागी अक्षरांची जी ओळ तयार होते, ती निरोगी जनुकात त्या ठिकाणी नसते. संशोधकांनी नेमक्या त्या नऊ अक्षरांवर बसणारे तीन बोटांचे प्रथिन बनवले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशींत घातले. जोड-जनुकाचे काम थांबले. माणसाने आखलेले प्रथिन जिवंत पेशीत ठरवलेल्या पत्त्यावर गेले आणि त्याने ठरवलेले काम केले.

बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्या

आता थोडा हिशेब करू. चार अक्षरांतून नऊ अक्षरांच्या ओळी किती बनतील? २,६२,१४४. पोथी तीनशे कोटी अक्षरांची आहे. म्हणजे कोणतीही नऊ अक्षरांची ओळ त्यात सरासरी अकरा हजारांहून अधिक ठिकाणी सापडणार. पत्त्यावर नुसते 'पाटील, पोस्ट वाडी' लिहिले तर पत्र किती दारांवर जाईल, तसेच हे.

पण अठरा अक्षरे घेतली तर अशा ओळींची संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. पोथीच्या आकाराच्या कितीतरी पट. म्हणजे अठरा अक्षरांचा पत्ता बहुधा एकमेव असणार.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ श्रीनिवासन चंद्रशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये बोटांना कात्री जोडली. ही कात्री एका जिवाणूच्या प्रथिनातून घेतलेली होती. तिची गंमत अशी, की ती एकटी कापत नाही. दोन अर्धी पाती समोरासमोर आली तरच काप पडतो. म्हणून दोन प्रथिने बनवायची. एक डावीकडची नऊ अक्षरे ओळखणार, दुसरे उजवीकडची नऊ. दोन्ही आपापल्या जागी बसली की मध्ये डीएनए कापला जाणार. बँकेचे लॉकर उघडायला एक किल्ली आपली आणि एक बँकेची लागते, तसे.

कापून फायदा काय? डीएनए तुटला की पेशी घाईने तो सांधते. सांधताना अनेकदा एखाद-दुसरे अक्षर गळते किंवा जास्तीचे येते आणि जनुक बंद पडते. आणि त्याच वेळी शेजारी बरोबर अक्षरांचा नमुना ठेवला, तर काही पेशी तो पाहून दुरुस्तीही करतात. २००५ मध्ये या मार्गाने माणसाच्या पेशींतील एका जनुकात नेमकी दुरुस्ती करता आली.

२०१४ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या १२ रुग्णांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातील पेशी बाहेर काढून, एचआयव्हीला आत शिरायला लागणारे 'दार' झिंक फिंगरच्या कात्रीने काही पेशींत बंद केले आणि पेशी परत दिल्या. काही रुग्णांची औषधे काही काळ थांबवली, तेव्हा दार बंद केलेल्या पेशी इतर पेशींपेक्षा सावकाश कमी झाल्या. हा आजार बरा झाला असे नव्हे. मार्ग चालण्याजोगा आहे, एवढे त्यातून दिसले.

लिंबावरच्या खैऱ्याने दिलेली युक्ती

ज्यांची लिंबाची बाग आहे त्यांना खैऱ्या रोग ठाऊक असतो. पानांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके पडतात आणि बाजारात भाव पडतो. हा रोग झान्थोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. भातावरचा कडा करपा आणणारा जिवाणूही याच कुळातला. हे जिवाणू झाडाच्या पेशीत एक प्रथिन सोडतात. ते प्रथिन झाडाच्या डीएनएवर जाऊन बसते आणि जिवाणूला सोयीची जनुके चालू करते. घरात शिरून घरमालकाच्याच नावाने हुकूम सोडण्याचा हा प्रकार.

२००९ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी या प्रथिनाची लिपी उलगडली. त्यातही एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, चौतीस अमिनो आम्लांच्या आसपासचा. पण इथे एक नमुना एकच अक्षर वाचतो आणि ते कोणते, हे त्या नमुन्यातली फक्त दोन अमिनो आम्ले ठरवतात. म्हणजे इथे तक्ता जवळपास पक्का. पाढा पाठ असावा तसा. हवी ती अक्षरे, त्या क्रमाने नमुने जोडले की पोस्टमन तयार. याला टेल प्रथिने म्हणतात. त्यांनाही तीच कात्री जोडता आली.

२०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या एका वर्षाच्या मुलीवर सारे उपाय थकले होते. तिला दुसऱ्या व्यक्तीच्या, टेल कात्रीने बदललेल्या पांढऱ्या पेशी देण्यात आल्या. कर्करोग मागे हटला आणि नंतर तिच्यावर अस्थिमज्जारोपण करता आले. शेतातल्या रोगाच्या जिवाणूकडून घेतलेली युक्ती एका बाळाच्या कामी आली.

क्रिस्पर आले, मग प्रथिनांचे काय?

२०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्परची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांना २०२० चे नोबेल मिळाले. इथे कात्री म्हणजे प्रथिनच, पण पत्ता वाचते ती आरएनएची छोटी चिठ्ठी. नवा पत्ता हवा असेल तर नवे प्रथिन आखायची गरज नाही, चिठ्ठी बदलली की झाले. काम स्वस्त आणि झटपट झाले आणि बहुतेक प्रयोगशाळा तिकडे वळल्या.

तरी आखलेली प्रथिने अडगळीत गेलेली नाहीत. झिंक फिंगर आकाराने लहान असतात, त्यामुळे त्यांना पेशीत पोचवणे सोपे जाते. पेशीतली ऊर्जा-केंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, यांच्यात स्वतःचा थोडा डीएनए असतो. तिथे आरएनएची चिठ्ठी पोचवणे फार अवघड जाते. २०२० मध्ये टेल प्रथिने वापरून तिथले अक्षर बदलून दाखवण्यात आले. आणि आता संगणकावर कोरी प्रथिने आखण्याचे तंत्र आले आहे. डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा त्यासाठीच मिळाला. निसर्गात नसलेली, पण दिलेल्या डीएनएच्या ओळीवर बसणारी प्रथिने अशा पद्धतीने बनू लागली आहेत.

सिकलसेलमध्ये याचा उपयोग कसा?

पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळी नसतेच, म्हणून सिकलसेलची चूक असूनही बाळाला त्रास होत नाही. जन्मानंतर हे हिमोग्लोबिन हळूहळू कमी होते आणि मोठ्या माणसाचे सुरू होते. सिकलसेलचा त्रास साधारण सहा महिन्यांनंतर दिसू लागतो, तो यामुळेच.

बाळाचे हिमोग्लोबिन बंद कोण करते? २००८ मध्ये हार्वर्डच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखवले, की बीसीएल-११-ए नावाचे प्रथिन हा ब्रेक लावते. आणि हे प्रथिनही जस्ताच्या बोटांचेच आहे! मघाशी म्हटले होते, एक बोट पुन्हा भेटेल, ते हे.

मग युक्ती ठरली. चुकीचे अक्षर दुरुस्त करत बसण्याऐवजी रक्त बनवणाऱ्या पेशींत हा ब्रेकच सैल करायचा, म्हणजे बाळाचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल. हा प्रयोग झिंक फिंगरच्या कात्रीनेही थोड्या रुग्णांवर झाला. क्रिस्परच्या कात्रीने झालेला मोठा प्रयोग यशस्वी ठरला आणि त्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने बारा वर्षांवरील रुग्णांसाठी परवानगी दिली. पुरेसा काळ नजरेखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने वेदनांचा मोठा झटका आला नाही.

हे वाचून कोणत्याही आईबापाच्या डोळ्यांत आशा येईल. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट, हे एक इंजेक्शन नाही. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी गोळा करायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा, मग कर्करोगाला देतात तसले तीव्र औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत द्यायच्या. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते. त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. दुसरी गोष्ट, कात्री चुकीच्या पत्त्यावर पडण्याची भीती पूर्ण गेलेली नाही, म्हणून या रुग्णांवर बरीच वर्षे लक्ष ठेवले जाते. तिसरी गोष्ट, अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. चौथी, बदल फक्त मज्जेच्या पेशींत होतो. रुग्णाच्या पुढच्या पिढीकडे चुकीचे अक्षर जायचे ते जाणारच.

आपल्याकडेही काम चालू आहे. दिल्लीच्या 'आयजीआयबी' या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी क्रिस्परवर आधारित देशी उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान देण्याचा करार झाला. परदेशी उपचारापेक्षा तो पुष्कळ स्वस्तात मिळावा असा त्यामागचा हेतू आहे. पण जाहीर होणे आणि जिल्हा रुग्णालयात मिळणे यात चाचण्यांच्या अनेक पायऱ्या असतात, हे लक्षात ठेवावे.

मग आज काय करायचे?

आता त्या शेतकरी बंधूंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. गोळ्या बंद करायच्या का? मुळीच नाही.

त्यांच्या मुलाला चालू असलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी काय करते माहीत आहे? ती बाळाचे हिमोग्लोबिन वाढवते! अठरा कोटींचा उपचार ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने ही साधी गोळी थोडे अंतर चालून जाते. नियमित घेतली तर अनेक रुग्णांत वेदनांचे झटके कमी होतात आणि रक्त देण्याची वेळ कमी येते. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करावी आणि लग्न झालेल्या रुग्णांनी मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

याखेरीज फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. पाणी भरपूर प्यावे. उन्हातान्हात अतिश्रम आणि थंड पाण्यात डुंबणे टाळावे. लसी वेळेवर घ्याव्यात, विशेषतः न्यूमोनियाची. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरेफटक पडणे, डाव्या कुशीत पोट फुगणे, अर्ध्या अंगाची शक्ती जाणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची मज्जा जुळत असेल तर अस्थिमज्जारोपण हा बरे होण्याचा मार्ग आपल्या देशातल्या मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे. त्याची चौकशी जरूर करावी.

आणि लग्नाआधी तपासणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, हे त्याचे ध्येय. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागात हा आजार पुष्कळ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर विद्राव्यता चाचणी होते. ती दोषी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, ते ठरवतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे. त्याला सहसा काहीच त्रास नसतो, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेला बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब कुणी मांडू नये. अशा जोडप्यांनी दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना भेटावे, गर्भाची तपासणी लवकरच्या महिन्यांत करता येते.

शेवटी एक इशारा. 'जनुक दुरुस्त करणारे थेंब', 'डीएनए टॉनिक' अशा जाहिराती दिसतात. ज्या कामासाठी जगातल्या नामांकित प्रयोगशाळांना चाळीस वर्षे लागली, ते बाटलीतल्या थेंबाने होत नाही. आणि 'जस्ताची बोटे' वाचून जस्ताच्या गोळ्या खाल्ल्याने जनुक दुरुस्त होत नाही, हेही सांगून ठेवतो. तो जस्ताचा अणू प्रथिनाची घडी धरून ठेवतो, एवढेच त्याचे काम.

त्या शेतकरी बंधूंना माझे सांगणे एवढेच, वावर विकू नका. तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. नव्या उपचाराची वाट पाहायला त्याच्याजवळ वेळ आहे, पण तो उपचार येईल त्या दिवशी त्याची हाडे, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू शाबूत असले पाहिजेत. ते शाबूत ठेवणाऱ्या गोळ्या आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या रोज घ्या, आणि घरातल्या बाकी सगळ्यांची तपासणी या आठवड्यात करून घ्या.